कोसभर काच, वीतभर भिंत

कळंबोलीतल्या सिडकोच्या जुन्या वसाहतींत गल्लीतून मान वर केली की आभाळाआधी तारा दिसतात. खांबावरून गच्चीवर, तिथून समोरच्या गच्चीवर आणि शेवटी कुणाच्या तरी खिडकीच्या ग्रिलमधून आत शिरणाऱ्या त्या काळ्या बारीक केबलच्या पोटात केसासारखी काच असते. त्या काचेतून प्रकाश येतो आणि प्रकाशाबरोबर इंटरनेट. ही काच इतकी निर्मळ असते की एक किलोमीटर चालून आल्यावरही प्रकाशाची शक्ती जेमतेम आठ टक्क्यांनी घटते. मग तो प्रकाश दाराजवळ टांगलेल्या प्लास्टिकच्या डब्यात शिरतो, डबा त्याच्या रेडिओलहरी करतो, आणि मधली साधी वीटभिंत ओलांडून स्वयंपाकघरात जाईपर्यंत त्या लहरींची शक्ती निम्मी, कधी पाव उरते. किलोमीटरभर काचेत जे गमावलं नाही, त्याच्या कितीतरी पट वीतभर भिंतीत गमावलं जातं. घरातल्या वायफायबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या विषमतेत आहे. या प्रकरणात मांडायचं म्हणणंही तिच्यातूनच निघतं: बिनतारी इंटरनेट वेगवान आणि भरवशाचं हवं असेल, तर घरातली तार वाढवावी लागते आणि लहरींवरचा भार कमी करावा लागतो.

कळंबोली इथं मुद्दाम निवडली आहे. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसवताना आखलेल्या वस्त्यांपैकी ही एक. मुंबईच्या दाटीतून हलवलेला लोखंड-पोलादाचा बाजार इथं आला, त्याच्या आसपास गोदामं आणि ट्रकचे तळ आले, आणि केएल-४, केएल-५, केएल-६ अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या सिडकोच्या छोट्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. पुढे रोडपालीकडे उंच इमारती झाल्या. १ ऑक्टोबर २०१६ पासून हा सगळा भाग पनवेल महानगरपालिकेत आहे. घर लहान म्हणजे वायफायला सोपं, असं वरवर पाहता वाटतं. कोकणातल्या वाडीत, जिथं शेजाऱ्याचं घर नारळी-पोफळीपलीकडे असतं, तिथं वायफायची अडचण अंतराची असते: माजघरात लावलेला राउटर पडवीत पोचत नाही. कळंबोलीत अंतर कुठलंच मोठं नाही. पण तुमच्या पलंगापासून तुमचा राउटर जितका लांब, तितकाच शेजारच्या घरातला राउटरही, फक्त भिंतीच्या पलीकडे. वर एक, खाली एक, जिन्यापलीकडे दोन, समोरच्या इमारतीतले आणखी आठ-दहा. फोनवर नेटवर्कची यादी उघडली की अनोळखी नावांची रांग दिसते, ती सगळी याच हवेत बोलणारी माणसं आहेत. इथली अडचण गर्दीची आहे, आणि गर्दीवरचा उपाय अंतरावरच्या उपायाच्या अगदी उलटा असतो.

तक्रार सुरू झाली की सर्वसाधारणपणे पहिला उपाय मोठ्या प्लॅनचा केला जातो. शंभर एमबीपीएसवर मुलाचा ऑनलाइन वर्ग अडखळतो, म्हणून दोनशेचा प्लॅन घेतला जातो. इथं गरजेचा हिशेब आधी मांडायला हवा. भारतात ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी लागणारा किमान वेग जानेवारी २०२३ मध्ये वाढवून २ एमबीपीएस करण्यात आला. स्वच्छ चित्राच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, टीव्हीवरच्या एचडी चित्रपटाला पाचच्या आसपास. चौघांच्या घरात एका वेळी सगळं चालू असलं तरी पन्नासच्या आत भागतं. म्हणजे शंभरच्या प्लॅनवर अडखळणारा वर्ग दोनशेवरही अडखळेल, कारण खोट वाटेत नसून दाराच्या आत आहे. हे ताडून पाहणं सोपं आहे. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडावा आणि वेग मोजावा. तारेवर पूर्ण वेग मिळाला आणि खोलीत वायफायवर मिळाला नाही, तर नेटवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. तारेवर आकडा नेमका चौऱ्याण्णवच्या आसपास येऊन थांबत असेल, तर डब्याचं पोर्ट जुन्या शंभर एमबीपीएसच्या जातीचं आहे किंवा केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली आहे. मग कितीही मोठा प्लॅन घेतला तरी त्या पोर्टवर पुढे काही मिळणार नाही. वेगापेक्षाही विलंब पाहणं जास्त उपयोगाचं. फोनवर पिंगचं एखादं ॲप घेऊन स्वतःच्या राउटरच्या पत्त्यावर, बहुधा १९२.१६८.१.१ वर, मिनिटभर पिंग करावं. उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत एकसारखं येत असेल तर घरातली हवा मोकळी आहे. कधी तीन, कधी दीडशे, कधी उत्तरच नाही असं होत असेल, तर कॉल तुटण्याचं कारण त्या दहा फुटांतच सापडलं.

दुसरा लोकप्रिय उपाय ताकदवान राउटरचा: सहा अँटेनांचा, कोळ्यासारखा दिसणारा. इथं लहरींच्या शक्तीचे आकडे डोळ्यांसमोर हवेत. घरगुती राउटर साधारण १०० मिलिवॅटच्या घरातली शक्ती हवेत सोडतो. फोनला व्हिडिओ कॉलसाठी चांगला मानला जाणारा संकेत उणे ६७ डीबीएम, म्हणजे मिलिवॅटच्या भाषेत सोडलेल्या शक्तीचा सुमारे पन्नास कोटीवा भाग. एवढ्याशा शक्तीतून संदेश अचूक वेचणं हे त्या चिपचं कौतुकच आहे. म्हणजे फोनला फार शक्ती लागत नाही, त्याला लागते ती आजूबाजूची शांतता. शिवाय वायफाय हा संवाद आहे. फोनने पाठवलेली प्रत्येक विनंती, प्रत्येक पोच राउटरपर्यंत परत जावी लागते आणि फोनचा प्रक्षेपक राउटरपेक्षा दुबळा असतो, बॅटरी वाचवण्यासाठी तो तसाच ठेवलेला असतो. राउटरचा आवाज दुप्पट केला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. मग फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि पान मात्र उघडत नाही, कारण काड्या राउटरचा आवाज फोनला किती ऐकू येतो एवढंच सांगतात. फोनचं बोलणं राउटरला ऐकू गेलं का, आणि मध्ये किती कोलाहल आहे, हे काड्यांना माहीत नसतं. दाट वस्तीत शक्ती वाढवण्याचा खरा परिणाम शेजाऱ्यांवर होतो. तो नीट समजायचा तर वायफायची शिस्त समजून घ्यावी लागेल.

इंटरनेटची तुलना आपण रस्त्याशी करतो: शंभरचा प्लॅन म्हणजे दोनपदरी, पाचशेचा म्हणजे सहापदरी. काचेच्या केबलपुरती ती तुलना चालते. हवेत ती फसते. वायफायच्या एका चॅनेलवर एका क्षणी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असा नियम आहे. राउटर असो, फोन असो, टीव्ही असो, बोलण्याआधी प्रत्येक जण कान देतो. कुणी बोलत असेल तर थांबतो, शांतता झाली की मनाशी एक छोटा यादृच्छिक आकडा मोजतो आणि मग बोलतो. दोघांचे आकडे जुळले तर दोघांचंही बोलणं वाया जातं आणि पुन्हा मोजणी सुरू होते. शीव-पनवेल महामार्ग, पुण्याचा द्रुतगती मार्ग, मुंब्र्याकडचा आणि जेएनपीटीकडचा रस्ता जिथं एकत्र येतात, त्या कळंबोली सर्कलवर पोलीस आणि सिग्नल नसताना केवळ एकमेकांकडे पाहून गाड्या सुटाव्यात, तशी ही व्यवस्था आहे. मुख्य म्हणजे ही शिस्त घरापुरती नाही. चॅनेल एकच असेल तर शेजाऱ्याचा राउटर बोलत असताना तुमच्या राउटरलाही थांबावंच लागतं, मग दोघांचे पासवर्ड आणि कंपन्या कितीही वेगळ्या असोत. ज्याचा आवाज ऐकू येतो, त्याच्यासाठी थांबणं भाग. म्हणून आवाज वाढवलेला राउटर जास्त घरांना थांबायला लावतो, आणि ती घरंही तेच करू लागली की सगळेच सगळ्यांसाठी थांबतात.

या थांबण्याची किंमत किती, हे एका साध्या हिशेबाने कळतं. कुणी काही वापरत नसलं तरी प्रत्येक राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपलं नाव पुकारतो, त्याशिवाय फोनला यादीत ते दिसणार नाही. ही पुकार सगळ्यात जुन्या उपकरणालाही कळावी म्हणून २.४ गिगाहर्ट्झवर बरेच राउटर ती सर्वांत मंद वेगाने, १ एमबीपीएसने करतात. तीनशे बाइटची पुकार त्या वेगाने हवेत साधारण २.६ मिलिसेकंद घेते. एका राउटरच्या दहा पुकारा म्हणजे २६ मिलिसेकंद, किरकोळ वाटावं असं. आता एकाच चॅनेलवर एकमेकांना ऐकू येणारे वीस राउटर धरा, कळंबोलीच्या जुन्या सेक्टरात ही मोठी संख्या नव्हे. वीस गुणिले सव्वीस, पाचशे वीस मिलिसेकंद. सेकंदाचा निम्म्याहून जास्त वेळ फक्त नावं पुकारण्यात संपला, एकही अक्षर कामाचं गेलेलं नाही. पाहुण्यांसाठी म्हणून दुसरं नाव चालू ठेवलं असेल तर तो राउटर वीस पुकारा करतो. उरलेल्या वेळातही वाटा सारखा पडत नाही. दोन भिंतींपलीकडे ठेवलेला स्वस्त कॅमेरा ६ एमबीपीएसने बोलतो आणि शेजारच्या खुर्चीतला फोन ७२ ने, तेव्हा तेवढ्याच माहितीसाठी कॅमेरा बारा पट हवा अडवून ठेवतो. घरातलं सर्वांत मंद, सर्वांत लांबचं उपकरण सगळ्या घराचा, आणि थोडाफार शेजाऱ्यांचाही, वेग ठरवत असतं. मेगाबिटचा प्लॅन विकत मिळतो, हवेतला वेळ विकत मिळत नाही.

ही गर्दी २.४ गिगाहर्ट्झवरच का झाली, याला इतिहास आहे. १९४७ साली अटलांटिक सिटीला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हा पट्टा औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय उपकरणांसाठी राखला गेला. पुढे मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात आले. संदेशवहनाच्या दृष्टीने तो गोंगाटाचा, नकोसा कोपरा होता, म्हणूनच १९८५ मध्ये अमेरिकेने तो परवान्याशिवाय वापरायला खुला केला आणि त्यातून १९९७ साली २ एमबीपीएसचं पहिलं वायफाय मानक जन्माला आलं. भारतात २००५ च्या जानेवारीत हा पट्टा परवानामुक्त झाला. त्याची रुंदी ८३.५ मेगाहर्ट्झ. एकमेकांच्या पायांत न येणारे चॅनेल त्यात तीनच बसतात: १, ६ आणि ११. बाकीचे आकडे दिसतात, पण ते दोन्हीकडच्या शेजाऱ्यांवर पाय देऊन उभे असतात. तीन नंबरवर गर्दी दिसत नाही म्हणून तो निवडणारा माणूस एकच्याही आणि सहाच्याही बोलण्यात अडथळा आणतो आणि स्वतःही दोघांच्या गोंगाटात सापडतो. वेग वाढावा म्हणून काही राउटर इथं २० ऐवजी ४० मेगाहर्ट्झची रुंदी घेतात. तिनातले जवळजवळ दोन चॅनेल एकट्याने व्यापण्याचा हा प्रकार आहे, दाट वस्तीत तो सेटिंगमधून बंद करायलाच हवा.

५ गिगाहर्ट्झची गोष्ट निराळी. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने भारतात ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले, म्हणजे जुन्या पट्ट्याच्या सात पट जागा आणि वीस मेगाहर्ट्झचे पंचवीस चॅनेल. यातल्या काही चॅनेलवर रडारही चालतात. मुंबईत वेरावलीला असलेलं हवामान खात्याचं सी-बँड डॉप्लर रडार याच शेजारातलं. म्हणून काही राउटर त्या चॅनेलवर जाण्याआधी मिनिटभर नुसते ऐकत बसतात. रडारची चाहूल लागली तर जागा सोडतात. तेवढा संयम दाखवला तर तिथं मोकळी हवा मिळते. यावर हमखास येणारा आक्षेप असा की ५ गिगाहर्ट्झ भिंतीतून जात नाही. खरं आहे. तेवढ्याच अंतरावर, मध्ये भिंत नसतानाही, फोनच्या अँटेनाला २.४ च्या मानाने एकपंचमांश शक्ती मिळते, आणि सळयांच्या जाळीचा आरसीसी स्लॅब मध्ये आला तर फारच थोडी. पण हा दोष एकट्या बंगल्यातला आहे. जिथं भिंतीपलीकडे दुसरं कुटुंब राहतं, तिथं लहर भिंतीत अडणं हा गुण आहे. तुमची लहर तुमच्या खोलीत राहते, शेजाऱ्याची त्याच्या खोलीत, आणि दोघंही एकाच वेळी पूर्ण वेगाने बोलू शकतात. भिंतीने हवेची वाटणी करून दिली. एका खोलीत उघड्या नजरेच्या टप्प्यात दोन अँटेनांचा साधा फोन ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर राउटरशी ८६६ एमबीपीएसने जोडला जातो. प्रत्यक्षात त्याच्या निम्मे मिळाले तरी घरातल्या गरजेच्या कितीतरी पट झाले. अट एकच, राउटर त्या खोलीत हवा.

दुबळा संकेत ऐकायचा असेल तर भोवती शांतता हवी, हे तत्त्व महाराष्ट्राला नवं नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय दुर्बीण, जीएमआरटी, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. ती जागा निवडण्याचं एक मोठं कारण तिथला कमी रेडिओ-गोंगाट हे होतं. आकाशगंगांपलीकडून येणारा हायड्रोजनचा मंद आवाज वाढवता येत नाही, आपला गलबला मात्र कमी करता येतो. वायफायचं आणि रेडिओ खगोलशास्त्राचं नातं रक्ताचं आहे. ऑस्ट्रेलियाचे जॉन ओसुलिव्हन यांनी स्फोट पावणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे संकेत शोधण्यासाठी गणिती तंत्रं घडवली. ते संकेत काही सापडले नाहीत. पण त्याच अनुभवाच्या जोरावर त्यांनी आणि सीएसआयआरओ या तिथल्या संशोधन संस्थेतल्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात घरातल्या प्रतिध्वनींचा प्रश्न सोडवला. लहर भिंतीवर, फ्रिजवर, लोखंडी कपाटावर आपटून वेगवेगळ्या वाटांनी, मागेपुढे पोचते आणि संदेश स्वतःच्याच प्रतिध्वनीत बुडतो. एक वेगवान प्रवाह अनेक संथ धारांत वाटून पाठवला तर प्रतिध्वनी विरेपर्यंत थांबायला सवड मिळते. आजचं वायफाय या कल्पनेवर चालतं. तिच्यामुळे धातूच्या प्रतिध्वनीचं भय कमी झालं, धातूच्या सावलीचं मात्र नाही. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे, टीव्हीच्या पाठीशी किंवा माळ्यावरच्या भांड्यांच्या गराड्यात ठेवला तर त्या बाजूला अंधार पडणारच. पाणी लहरी पिऊन टाकतं, तेव्हा पाण्याचं पिंप आणि माशांची टाकीही त्याच यादीत. राउटर उघड्यावर, डोक्याच्या उंचीवर हवा. सरळ उभी अँटेना लहरी आडव्या पसरवते, वर-खाली फार कमी देते, म्हणून एका मजल्याच्या घरात ती उभीच ठेवावी.

आता तारेकडे येऊ. नवीन जोडणी देणारा तंत्रज्ञ काच जिथून घरात शिरली तिथंच डबा ठोकतो. त्याला दिवसात पुष्कळ घरं उरकायची असतात, आणि बहुतेक वेळा ती जागा दरवाज्यावरचा कोपरा किंवा खिडकीची चौकट असते, म्हणजे निम्म्या लहरी जिन्यात आणि रस्त्यावर. वास्तविक काचेची केबल आणखी दहा मीटर आत नेल्याने प्रकाशाचं काहीही बिघडत नाही. तिला तीव्र बाक तेवढा देऊ नये. म्हणून जोडणीच्या दिवशीच आग्रह धरावा: डबा घराच्या मध्यावर, जिथं माणसं बसतात-झोपतात तिथून दिसेल असा लावा. जास्तीच्या केबलचे थोडे पैसे पडले तरी पुढच्या सगळ्या वर्षांचा प्रश्न तिथं सुटतो. दुसरं, जे हलत नाही त्याला तार द्यावी. टीव्ही भिंतीवरून हलत नाही, टेबलावरचा संगणक हलत नाही. घरातला सर्वांत मोठा वापर बहुधा टीव्हीवरच्या व्हिडिओचा असतो. तो साध्या कॅट-सिक्स केबलवर गेला की उरलेली सगळी हवा फोनांना मोकळी मिळते. तिसरं, आतल्या खोलीत पोचत नसेल तर तिथवर तार नेऊन तिच्या टोकाला दुसरा छोटा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावावा, दोघांचे चॅनेल वेगळे ठेवावेत आणि शक्ती मध्यम किंवा कमी करावी. तांब्याची ही केबल शंभर मीटरपर्यंत पूर्ण वेगाने चालते, कळंबोलीतल्या कुठल्याही घराला पुरून उरेल इतकी. बाजारात मिळणारा एक्स्टेंडर ही तारेची बरोबरी करू शकत नाही. ऐकलेलं प्रत्येक वाक्य त्याला त्याच चॅनेलवर पुन्हा उच्चारावं लागतं, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो आणि गर्दीत आणखी एक आवाज वाढतो. मेशच्या नावाने विकले जाणारे महाग संच मधला दुवा तारेचा असेल तेव्हाच खऱ्या अर्थाने शोभतात.

यावर घरोघरी घेतले जाणारे आक्षेप खोटे नाहीत. भाड्याचं घर आहे, भोकं पाडता येत नाहीत: चपटी केबल दाराच्या फटीतून जाते, आणि चिकट पट्टीवर बसणारी केसिंग निघताना रंगाचा टवका फार तर नेईल. घर विद्रूप दिसतं: विजेची उघडी वायरिंग आपण दशकानुदशकं याच केसिंग-पट्टीत झाकली, ही तार तिच्याच शेजारून जाते, फक्त वीज आणि नेट एकाच पट्टीत एकत्र कोंबू नये. जास्त वजनदार आक्षेप असा की नवी मानकं हा प्रश्न सोडवतीलच. वायफाय ६ एका चॅनेलचे तुकडे करून अनेक उपकरणांना एकाच वेळी थोडं थोडं देतं, शेजारचा फार लांबचा आवाज दुर्लक्षूही शकतं. वायफाय ७ आणखी पुढे जातं. ६ गिगाहर्ट्झचा खालचा अर्धा भाग परवानामुक्त करण्याचा मसुदा केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. या सुधारणा खऱ्या आहेत. पण नव्या राउटरला जुना फोन जोडला की बोलणं जुन्याच भाषेत होतं, आणि शेजारचे वीस राउटर तुमच्याबरोबर नवे होत नाहीत. ६ गिगाहर्ट्झ तर भिंतीत आणखी अडणार, म्हणजे खोलीखोलीत प्रक्षेपक आणि त्या प्रत्येकापर्यंत तार, हाच मार्ग तोही दाखवतो. शेवटचा आक्षेप नैतिक आहे: शेजारी शक्ती कमी करत नाहीत, मग मीच का करू? कारण तार ओढण्याचा लाभ कुणावर अवलंबून नाही. टीव्ही तारेवर गेला की तो शेजाऱ्याच्या कोलाहलातून त्याच दिवशी सुटतो. शक्ती कमी करण्याचा लाभ मात्र वाटून मिळतो, आणि त्यासाठी सोसायटीच्या सूचनाफलकावर दोन ओळी लावणं पुरेसं आहे: २.४ वर रुंदी २०, चॅनेल १, ६ किंवा ११, नको असलेली पाहुण्यांची नावं बंद.

भरवशाचा दुसरा अर्धा भाग विजेचा. महावितरणचा पुरवठा मिनिटभर गेला तरी डबा पुन्हा उठून जोडणी घ्यायला काही मिनिटं घेतो, आणि मुलाखत किंवा परीक्षा तेवढ्यात हातची जाते. यासाठी मोठा इन्व्हर्टर लागत नाही. बहुतेक डबे आणि राउटर १२ व्होल्ट डीसीवर चालतात, त्यांच्यासाठी मिळणारा मुठीएवढा छोटा यूपीएस दोन-तीन तास काढून देतो. डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही तो हवा. काच स्वतः वीज मागत नाही, पाण्यालाही ती भीत नाही. तळमजल्यावरच्या घरांनी मात्र २६ जुलै २००५ चा पूर विसरू नये: कळंबोली सखल आहे, तेव्हा अडॅप्टर आणि प्लग कमरेच्या वरच असावेत. पावसाची सर वायफायला रोखत नाही. पावसात नेट जातं ते वाऱ्याने गच्चीवरची केबल घासून तुटते तेव्हा किंवा नेटवाल्याच्या पेटीतली वीज जाते तेव्हा. ही तक्रार हक्काने त्याच्याकडे करावी.

सिडकोच्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या बैठका आता ठिकठिकाणी होत आहेत. चटईक्षेत्र, पार्किंग, लिफ्ट, भाडं यांवर तासन्‌तास चर्चा होते. नेटच्या नळ्यांचा विषय निघत नाही. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकन देण्याचे विनियम काढले आहेत, म्हणजे मागणी करायला आधार आहे. स्लॅब ओतण्याआधी दारापासून प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामी पीव्हीसी नळी टाकायला बिल्डरला नगण्य खर्च येतो. स्लॅब पडल्यावर तेच काम भिंत फोडल्याशिवाय होत नाही. तुमच्या सोसायटीचा करार अजून सहीला गेला नसेल, तर पुढच्या सभेत ही एक ओळ त्यात घालून घ्या: प्रत्येक खोलीत नेटसाठी एक नळी, आणि तिच्या टोकाला एक बोर्ड.